सिलिकॉन रेझिनचा हीट पेंट दर सीझनला संक्रांतीपर्यंत निघतो : बिघाड कुठं असतो आणि रेझिनमध्ये काय बदलायचं

दिवाळी झाली की सरकीच्या ऑइल मिल सुरू होतात, आमचा हीट पेंट भट्टीवर लागतो, आणि संक्रांत आली की फोन यायला लागतात. सलग तीन सीझन हेच चाललं होतं. जागा पण तीच, भट्टीतून धूर चिमणीकडे नेणाऱ्या डक्टचं वळण, म्हणजे एल्बो, आणि त्याच्या अलीकडचा दीड-दोन मीटर पत्रा. बॉयलरवाला फोनवर म्हणायचा, "भाऊ, पुन्हा पोपडे निंगून राह्यले, शेटजी मले बोलतात." आम्ही जायचो, खरवडायचो, पुन्हा मारायचो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हा पेंट बाहेरून आणलेला नव्हता, त्याचं रेझिन, म्हणजे रंगाचे कण धरून पत्र्याला चिकटवणारा भाग, मी स्वतः गावातल्या शेडमध्ये बनवतो, त्यामुळे डबा परत करून मोकळं होता येत नव्हतं, कारण शोधणं भागच होतं. ज्यांना असाच त्रास आहे, मग रेझिन स्वतः बनवत असाल की विकत घेत असाल, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

आधी पेंटरच्या हातातल्या गोष्टी, कारण बरेचदा रेझिनचा काही दोष नसतो. पत्रा वायर ब्रशनं नुसता चमकवून चालत नाही, सँडब्लास्ट पाहिजे, गंज किंवा तेलाचा हात राहिला तर कोणतंही रेझिन धरणार नाही. थर पातळ पाहिजे, वाळल्यावर एका कोटचे २० ते २५ मायक्रॉन, दोन कोट बस झाले. आपल्याकडे जाड मारला म्हणजे जास्त टिकेल असं सगळ्यांना वाटतं आणि हीट पेंटमध्ये नेमकं उलटं होतं, जाड थरात सॉल्व्हंट अडकून बसतो आणि पहिल्याच फायरिंगला फोड येतात. आणि पहिलं फायरिंग हळू करायचं, २०० ते २२० अंशांवर तासभर धरायचं, मग पुढं न्यायचं, कारण हे रेझिन हवेवर नुसतं सुकतं, पक्कं होतं ते या तापमानाला. हे सगळं आम्ही दुसऱ्या सीझनलाच सुधारलं होतं. तरी पोपडे आलेच.

मग टेम्परेचर. इथं आम्ही पूर्ण वर्ष फसलो. इन्फ्रारेड गननं डक्टवर मारलं की २६० दाखवायची आणि मी म्हणायचो २६० ला तर टिकायलाच पाहिजे. गनमध्ये एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता बाहेर फेकतो तो आकडा, ०.९५ वर फिक्स होती आणि आमचा पेंट अ‍ॅल्युमिनियमचा, चकचकीत, तो उष्णता कमी फेकतो म्हणून गन कमी वाचते. के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टेम्परेचर मोजायची दोन धातूंची तार, पत्र्याला चिटकवून बांधलं तर त्याच जागी ३७०. ११० अंशांचा फरक! सिल्व्हर पेंटवर गनचा आकडा धरून रेझिन ठरवत असाल तर आधी हे थांबवा, थर्मोकपल लावा, नाहीतर त्याच पत्र्यावर मॅट काळ्या हीट पेंटचा तळहाताएवढा ठिपका मारून त्यावर गन धरा.

आता पोपडा हातात घेऊन बघा, त्याच्यात अर्धं उत्तर असतं. पापडासारखा अख्खा निघतो आणि खाली पत्रा स्वच्छ दिसतो, तर सरफेस किंवा जाडी. छोटे फोड, आत पोकळ, तर अडकलेला सॉल्व्हंट. आमचा वेगळा होता. आधी केसासारख्या बारीक भेगा, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडतात तशा जाळीच्या, मग भेगांमधून गंज, मग बोट फिरवलं की पांढरट पावडर. म्हणजे चिकटण्याचा प्रॉब्लेम नव्हता, रेझिन जागेवरच आतून बदलत होतं. इथून पुढं केमिस्ट्री आल्याशिवाय भागत नाही.

सिलिकॉन रेझिनचा कणा म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन-ऑक्सिजन. तो बंध मजबूत, मोलला साधारण ४५० किलोज्यूल, आपल्या नेहमीच्या अल्किड किंवा इपॉक्सी पेंटमधल्या कार्बन-कार्बन बंधाचा ३४७ च्या आसपास. म्हणून लोक म्हणतात सिलिकॉन रेझिन जळत नाही. पण प्रत्येक सिलिकॉन अणूवर बाजूला एखादा सेंद्रिय, म्हणजे कार्बनवाला, गट लटकलेला असतो, मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) किंवा फेनिल, आणि तो सिलिकॉन-कार्बन बंध ३२० च्याही थोडा खालीच. उष्णतेत पहिला मार त्याच्यावर. हवेतला ऑक्सिजन मिथाइलला २०० अंशांच्या वर हळूहळू खायला लागतो, अडीचशेच्या पुढं जोर वाढतो, मिथाइल गेला की त्या जागी ऑक्सिजन येऊन नवीन गाठ पडते, थर आक्रसतो, कडक होतो, शेवटी सिलिकाच्या, म्हणजे वाळू-काचेच्या, जवळ जातो. आणि खालचा लोखंडी पत्रा एक मीटर लांबीत ३५० अंशांना ४ मिलिमीटरच्या आसपास लांबतो, रोज सकाळी तापतो आणि रात्री थंड होतो. आक्रसलेला कडक थर त्याच्यासोबत ताणला जात नाही, मग भेगा.

बिघाडाचा दुसरा रस्ता यापेक्षा लपलेला आहे. साखळीच्या मोकळ्या टोकाला सायलॅनॉल असतो, म्हणजे सिलिकॉनवर ओएच. गरम झाल्यावर हे टोक मागं वळून स्वतःच्याच साखळीला चावतं आणि तीन-चार कड्यांची एक छोटी रिंग तोडून सोडतं, ती रिंग वाफ होऊन उडते, उरलेल्या साखळीचं टोक पुन्हा तेच करतं. उसवलेली शिवण जशी एका टोकापासून उसवतच जाते तसं. यात हवेची पण गरज नाही. आणि थोडं जरी अल्कली किंवा अ‍ॅसिड रेझिनमध्ये राहिलं असेल तर हे काम कितीतरी खालच्या तापमानाला सुरू होतं.

दोन्हीपैकी आपल्याकडे कोणतं चाललंय ते कसं ओळखायचं? मोठ्या लॅबमध्ये टीजीए मशीन असतं, ते तापवता तापवता वजन मोजतं, आमच्या शेडमध्ये एक छोटी मफल भट्टी आणि सोनाराकडून घेतलेला मिलिग्रॅमचा काटा आहे, तेवढ्यात काम झालं. पत्र्याचे तुकडे बिनापिगमेंटच्या रेझिननं रंगवले, क्युअर केले म्हणजे तापवून पक्के केले, वजन केलं, ३०० अंशांवर ठेवले आणि ठरल्या वेळी काढून वजन करत गेलो. पहिल्या काही तासांत घटून वजन थांबलं तर ते उरलेलं सॉल्व्हंट, मिथेनॉल आणि गाठी पडताना सुटलेलं पाणी, त्याची काळजी नाही. वजन हळू घटतं आणि थर कडक होत जातो, तर बाजूचे गट जळताहेत. वजन झपाट्यानं घटतं आणि थर त्या मानानं कडक होत नाही, तर रिंगा उडताहेत. मला आठवतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मफलचं दार उघडलं तर दाराच्या आतल्या विटेवर पांढरी, कापसासारखी हलकी भुकटी बसलेली, फुंकर मारली तर उडाली. ती सिलिका होती. उडालेल्या रिंगा गरम हवेत जळल्या की त्यांची अशी पांढरी राख होते. म्हणजे आमच्याकडे दोन्ही चालू होतं, आणि रिंगांचं जास्त.

रिंगा इतक्या का, तर शोधत शोधत पाण्यावर आलो. आमचं गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीतलं पाणी खारं आहे हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. आणि मी रेझिन धुवायला तेच पाणी वापरत होतो. रेझिन बनवताना मेथॉक्सी-सायलेन, म्हणजे त्याचा कच्चा माल, पाण्यानं फोडायला थोडं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लागतं, ते शेवटी धुऊन काढावं लागतं, मी बोअरच्या पाण्यानं चार-पाच वेळा धुवायचो, लिटमस न्यूट्रल आला की खूश. पण या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट भरपूर. तो अ‍ॅसिडला मारतो म्हणून लिटमस छान दिसतो, आणि जो उरतो तो रेझिनमधल्या पाण्याच्या बारीक थेंबांत बसून राहतो, तापला की त्याचा कार्बोनेट होतो, तो चांगलाच अल्कली आणि सायलोक्सेन, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी, तोडायला एकदम पटाईत. खात्री करायला बोअरचं पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळलं, थंड केलं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले (अल्कली असला की ते गुलाबी होतं), गुलाबी झालं. बाजारातलं डिस्टिल्ड पाणी तसंच उकळलं, काही नाही.

मग एकाच बॅचचे दोन भाग केले, अर्धं बोअरनं धुतलं, अर्धं डिस्टिल्डनं, बाकी काही बदललं नाही. दोन्ही पॅनल शेजारी शेजारी ३०० वर. दोन दिवसांनी बोअरवाल्याचं वजन अजून घटतच होतं, डिस्टिल्डवाल्याचं जवळपास थांबलं होतं. तीन सीझनचा त्रास आणि त्यातला मोठा वाटा पाण्याचा, हे पॅनल हातात घेतल्यावर खरंच वाईट वाटलं, त्या बॉयलरवाल्यानं आमच्यापायी किती बोलणी खाल्ली. खाऱ्या पट्ट्यात कोणी असं काम करत असेल तर शेवटच्या तीन धुण्या डिस्टिल्डच्याच द्या, आरओचं पाणी पण टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार किती ते, बघूनच वापरा. याच कारणानं क्युअरिंगसाठी टिनचा कॅटॅलिस्ट मी बंद केला, तो रेझिन लवकर वाळवतो पण गरमीत तोच साखळ्या उलट्या उघडायला मदत करतो. आता झिंक ऑक्टोएट, तेही अगदी थोडं.

पाणी बदलून रिंगा थांबल्या, पांढरी भुकटी गेली, पण भेगा उशिरा का होईना येतच होत्या. म्हणजे आता मिथाइलचा नंबर. माझी जुनी रेसिपी अशी होती, १०० मोलमध्ये ७० मिथाइल-ट्रायमेथॉक्सी आणि ३० डायमिथाइल-डायमेथॉक्सी सायलेन, फेनिल शून्य. स्वस्त पडते म्हणून केली होती. यातला ट्राय म्हणजे तीन हातांनी जाळी विणणारा, डाय म्हणजे दोन हातांचा, साखळीला लवचीक ठेवणारा. बाजेचं विणकाम डोळ्यापुढं आणा, फक्त आडवेउभे ताणून विणलं तर बाज कडक, मधे ढिल्या दोऱ्या जास्त झाल्या तर झोळी. हे मोजायचा आकडा म्हणजे एका सिलिकॉनमागे किती सेंद्रिय गट, माझ्या रेसिपीत ७० ला ७० आणि ३० ला ६० मिळून १३० भागिले १००, म्हणजे १.३. रेझिनसाठी हा आकडा साधारण १.० ते १.७ मध्ये ठेवतात, १ कडे गेलं की काच, वर गेलं की मऊ. १.३ चुकीचा नव्हता. चुकीचं होतं ते गट कोणते हे.

फेनिल म्हणजे बेंझिनची रिंग. मिथाइलवरचा हायड्रोजन ऑक्सिजन सहज ओढून घेतो, फेनिलवरचा इतका सहज निघत नाही, म्हणून त्याचं आयुष्य त्याच तापमानाला मिथाइलच्या कितीतरी पट. आणि ज्यांना वाटतं की मोठा गट लावला म्हणजे टिकेल त्यांनी हे लक्षात ठेवा की इथाइल किंवा प्रोपाइल लावले तर मिथाइलपेक्षाही वाईट, २५० अंशांवर ते काही तासांतच संपतात. टिकणारे खरे दोनच, फेनिल पहिला, मिथाइल दुसरा. शिवाय फेनिल जाडजूड असल्यामुळे साखळीला मागं वळून चावायला पण अडचण होते.

म्हणून मी उत्साहात सगळेच मिथाइल-ट्राय काढून ७० फेनिल-ट्राय केले. पॅनलवर वजन सुंदर टिकलं. पण ते खऱ्या डक्टवर लावलं तर भट्टी पेटल्यावर थर मऊ पडायचा, उडालेली राख त्यावर चिकटून खरखरीत पापुद्रा झाला. फेनिल जाड, शेजारच्या सायलॅनॉलना एकमेकांपर्यंत पोचू देत नाही, म्हणून क्युअरिंग अर्धवट राहतं आणि गरम झालं की रेझिन लाखेसारखं नरम होतं. फेनिल-ट्रायला नीट शिस्तीत जोडलं तर गोष्ट वेगळी, १९६० मध्येच जनरल इलेक्ट्रिकमधल्या ब्राउन आणि सहकाऱ्यांनी फेनिलची दुहेरी साखळी, अगदी शिडीसारखी, तयार करून दाखवली होती. शिडीचा फायदा असा की एक बाजू एका ठिकाणी तुटली तरी दुसरी धरून ठेवते. पण असं जोडायला जी स्वच्छता आणि नियंत्रण लागतं ते शेडमध्ये होत नाही.

तेव्हा मधला रस्ता. सध्याची रेसिपी ३५ फेनिल-ट्राय, ३५ मिथाइल-ट्राय, १५ फेनिलमिथाइल-डाय आणि १५ डायमिथाइल-डाय. आकडा तोच १.३, पण आता १३० गटांत ५० फेनिल आणि ८० मिथाइल. मिथाइल-ट्राय क्युअरिंगला वेग देतो, फेनिल-ट्राय आयुष्य देतो, आणि दोन हातांच्या जागी अर्धे फेनिलवाले घातल्यानं लवचीकपणा राहून रिंगा सुटायचं प्रमाण कमी झालं. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा या शेवटच्या बदलानं दिला, आणि लोक नेमकं तिथंच पैसे वाचवतात. विकत रेझिन घेणाऱ्यांनी सप्लायरला फक्त "किती डिग्रीचं" न विचारता फेनिल-मिथाइलचं प्रमाण किती, सायलॅनॉल किती आणि धुतल्यावर क्लोराइड-सोडियम तपासता का, हे तीन प्रश्न विचारा, आणि अल्किड किंवा अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं आहे का ते पण. मिसळलेलं चिमणीच्या वरच्या थंड भागाला चालेल, एल्बोला नाही.

राहिली मोकळी टोकं. शेवटी थोडा हेक्झामिथाइल-डायसिलोक्सेन घातला की तो अ‍ॅसिडच्या मदतीनं टोकांवर टोपी बसवतो, सायलॅनॉल झाकला जातो. मात्र हे धुवायच्या आधी करायचं आणि हात आखडून. एका बॅचला मी जास्त घातला, तर क्युअर करूनही थर बोटाला चिकटायचा, कारण जाळी विणायला आणि लोखंडाला धरायला तेच सायलॅनॉल लागतात.

याच्याही पुढं जाता येतं. साखळीच्या मधेच फेनिलिनची रिंग बसवतात, दोन्ही बाजूंना सिलिकॉन, म्हणजे टोकाला वळून चावायला जागाच मिळत नाही. सिलिकॉन-ऑक्सिजनचे आठ कोपऱ्यांचे पिंजरे पण जोडतात. केमिस्ट्री म्हणून मला ती फार आवडते, पण ऑइल मिलच्या डक्टला त्या किमतीचं रेझिन कोणी लावणार नाही.

पिगमेंटचं एक सांगायलाच पाहिजे. काळा हीट पेंट तपकिरी पडला म्हणून रेझिनला दोष देऊ नका, काळा आयर्न ऑक्साइड हवेत तापला की लाल आयर्न ऑक्साइड होतो, आणि कार्बन ब्लॅक तर जास्त गरमीत जळूनच जातो. काळ्यासाठी कॉपर क्रोमाइटचा ब्लॅक घ्या. उलट, थोडा लाल आयर्न ऑक्साइड मुद्दाम घातला तर तो मिथाइलचं जळणं लांबवतो. आणि ३५० च्या वरच्या जागेला अ‍ॅल्युमिनियम फ्लेकच. तिथं सेंद्रिय भाग आज ना उद्या जाणारच असतो, मागं उरलेली सिलिका, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड मिळून जो थर धरतात तोच पुढं काम करतो, रेझिननं तोपर्यंत हळूहळू, न तडकता जायचं असतं.

बाहेरून येणारा अल्कली पण विसरू नका. आमच्याकडे भट्टीत पऱ्हाटीचे आणि सोयाबीनच्या कुटाराचे ब्रिकेट जळतात, त्यांच्या राखेत पोटॅश भरपूर. ती राख फ्लँजच्या, म्हणजे डक्टच्या बोल्ट केलेल्या जोडाच्या, फटीतून गळून डक्टवर साचते, मिल बंद असताना दव पडलं की ओली होते, दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली की जिथं ढीग तिथंच थर खाल्लेला दिसतो. फ्लँजची दोरी बदला आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं राख झाडा, पाणी मारू नका.

काम करताना जपा. मेथॉक्सी-सायलेनमधून मिथेनॉल सुटतो, तो विषारी आणि पेट घेणारा, शेडमध्ये चूल, विडी, उघडी वायर काही नको, गॉगल काढायचा नाही. फेनिलवाला पेंट पहिल्यांदा खूप तापतो तेव्हा थोडं बेंझिन निघू शकतं, दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि माणसं लांब.

नवीन रेझिन लावून एक अख्खा सीझन झाला. संक्रांतीला मीच फोन केला, बॉयलरवाला म्हणाला, "नाही भाऊ, आता तं काही निंगलं नाही." होळीनंतर जाऊन पाहिलं, एल्बो चांगला आहे, फक्त वेल्डिंगच्या पट्टीवर चार बोटं जागेत बारीक भेगा आहेत. तिथं थर जाड बसला होता, यंदा वेल्ड घासून सपाट करून मगच मारणार. ज्यांना घरी पॅनल टेस्ट करायची त्यांनी बॅच नंबर मार्करनं लिहू नका, भट्टीत जळून जातो आणि मग कोणता तुकडा कोणत्या पाण्याचा ते कळत नाही, पत्र्याच्या कोपऱ्यात पंचनं ठोकून ठेवा.